तेरा महिन्यांचे केंद्र : बोलोन्याचा रेडिओ अ‍ॅलिस

उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराच्या जुन्या भागात प्रातेल्लो नावाचा अरुंद रस्ता आहे. दोन्ही अंगांना कमानींच्या पडव्या, खाली खानावळी आणि दुकाने, वर भाड्याच्या खोल्या. या रस्त्यावरच्या ४१ क्रमांकाच्या घराच्या माळ्यावरून ९ फेब्रुवारी १९७६ रोजी एक एफएम केंद्र बोलू लागले. लष्करातून निकालात निघालेला एक जुना प्रक्षेपक, १००.६ मेगाहर्ट्झ ही लहर, एक टेलिफोन आणि बहुतेक विद्यार्थिदशेतली मुले-मुली, एवढाच त्याचा पसारा. केंद्राचे नाव रेडिओ अ‍ॅलिस. १२ मार्च १९७७ च्या रात्री पोलीस माळ्यावर चढले आणि प्रसारण चालू असतानाच त्यांनी ते बंद पाडले.

एका शहरापुरत्या, तेरा महिने चाललेल्या या केंद्राची हकीकत महाराष्ट्रात सांगण्याला सबळ कारण आहे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ठरवले. तारीखही योगायोगाने तीच. त्या खटल्यातले मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. मालमत्ता जनतेची म्हटल्यावर ती जनतेच्या हाती पडते कशी, पडली तर काय होते, आणि तिच्या हातून ती निसटते कशी, या तिन्ही प्रश्नांचा पूर्ण फेरा बोलोन्याने आपल्याआधी अनुभवला आहे.

इटलीत तोवर रेडिओ म्हणजे ‘राई’. मुसोलिनीच्या काळात उभारलेली सरकारी मक्तेदारी प्रजासत्ताक आल्यावरही मोडली नाही. फक्त तिचे धनी बदलले. खाजगी माणसाने प्रक्षेपक चालवणे हा गुन्हा होता. तो गुन्हा जाणूनबुजून करणारे एक ठळक नाव म्हणजे दानिलो दोल्ची. ‘सिसिलीचा गांधी’ म्हणून ते ओळखले जात, आणि ही उपाधी उगाच चिकटवलेली नव्हती. उपोषण हे त्यांचे नेहमीचे साधन. १९५६ मध्ये पार्तिनिको गावात त्यांनी बेकारांकडून एक उखडलेला रस्ता विनामजुरी दुरुस्त करून घ्यायला सुरुवात केली. काम मागणाऱ्यांनी काम करून दाखवायचे, असा तो उलटा संप. पोलिसांनी त्याबद्दल त्यांना अटक केली. पुढे जानेवारी १९६८ मध्ये सिसिलीच्या बेलिचे खोऱ्यात भूकंप झाला. दोन वर्षे उलटली तरी माणसे तात्पुरत्या छपरांखालीच होती. त्यांची दैना देशाला ऐकू जावी म्हणून दोल्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ मार्च १९७० रोजी पार्तिनिकोतून प्रसारण सुरू केले. एक दिवस सरतो न सरतो तोच पोलिसांनी केंद्र ताब्यात घेतले. पण सरकारशिवायही कोणी रेडिओवरून बोलू शकते, हे इटलीला कळून चुकले होते.

त्यानंतर चार-पाच वर्षांत ठिकठिकाणी छोटी केंद्रे उगवू लागली. यात एफएमच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे. या लहरी सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. त्यामुळे शहराबाहेर त्यांचा उपयोग बेताचाच. मात्र त्यामुळेच थोड्या वॅटांचा प्रक्षेपक आणि छपरावरचा एक अँटेना एवढ्यावर अख्खे शहर ऐकू शकते, आणि शेजारच्या शहरात तीच लहर दुसऱ्या कोणाला वापरता येते. मक्तेदारीच्या बाजूने एक जुना युक्तिवाद होता : लहरी मोजक्या आहेत, म्हणून त्या राज्यसंस्थेने सांभाळाव्यात. स्थानिक एफएमपुढे तो टिकेना. २८ जुलै १९७६ रोजी इटलीच्या घटना न्यायालयाने आपल्या २०२ क्रमांकाच्या निकालात नेमके हेच मान्य केले. देशपातळीवरची मक्तेदारी राहिली, स्थानिक पातळीवरची घटनाबाह्य ठरली. रेडिओ अ‍ॅलिस तोवर साडेपाच महिने बेकायदा चालले होते. न्यायालयाने संसदेला स्थानिक प्रसारणासाठी कायदा करायलाही सुचवले. तो कायदा यायला १९९० साल उजाडले. मधल्या चौदा वर्षांत काय झाले ते पुढे येईलच.

आता त्या माळ्यावर काय चाले, ते पाहू. केंद्र काढणाऱ्यांत ‘आ/त्राव्हेर्सो’ नावाचे नियतकालिक चालवणारा गट होता. फ्रांको बेरार्दी हा त्यातला ठळक आवाज. सारे त्याला ‘बीफो’ म्हणत. माउरिझिओ तोर्रेआल्ता होता, पुढे चित्रकथाकार म्हणून गाजलेला फिलिप्पो स्कोत्सारी होता. नाव घेतले होते लुईस कॅरलच्या अ‍ॅलिसचे. त्या काळात बोलोन्याच्या तरुणांमध्ये ही अ‍ॅलिस अंगात भिनली होती. लेखक जान्नी चेलाती यांनी विद्यापीठात तिच्यावर वर्गच घेतले, आणि त्या वर्गांतल्या चर्चांतून पुढे एक पुस्तक तयार झाले. मोठ्यांचे नियम जिथे उलटेपालटे होतात अशा बिळात शिरलेली मुलगी त्यांना आपली वाटली, यात नवल नाही.

कार्यक्रमपत्रिका नव्हती. सकाळी कोणी योगासने शिकवी, मग कारखान्यातल्या संपाची खबर, मग पाककृती, कविता, मध्येच कोणाचे तरी जाहीर प्रेमनिवेदन. जेफर्सन एअरप्लेनच्या पाठोपाठ बेथोवेन लागे. एन्झो देल रे या गायकाचे ‘सावकाश काम करा’ अशा अर्थाचे गाणे ही केंद्राची ओळखधून झाली होती. स्त्रियांचे गट येत, समलिंगी तरुणांचे गट येत, आणि ‘राई’वर ज्यांचा उच्चारही होत नसे ते विषय स्वतःच्या तोंडाने मांडत. यातले पुष्कळसे प्रसारण पसरट, कंटाळवाणे, कधी निव्वळ बडबडीचे असणार. रोज तासन् तास मोकळे सोडलेल्या ध्वनिक्षेपकासमोर दुसरे काय होणार? पण या केंद्राचे मोल त्याच्या कार्यक्रमांच्या दर्जावर ठरत नाही.

ते ठरते टेलिफोनवर.

महाराष्ट्रातल्या एका पिढीला आकाशवाणीवरची ‘आपली आवड’ आठवत असेल. श्रोता पत्र पाठवी, गाण्याचे नाव लिही, आणि आठवड्यांमागून आठवडे आपले नाव उच्चारले जाण्याची वाट पाही. त्याचा आवाज मात्र कोणाच्या कानी पडत नसे. ते निवेदकाच्या तोंडून आलेले नावच काय ते त्याचे. बहुतेक ठिकाणी रेडिओ असाच होता : एक बोलणार, लाखो ऐकणार. रेडिओला तोंडासारखे कानही असावेत, ऐकणाऱ्याला बोलता यावे, हे नाटककार बर्टोल्ट ब्रेख्टने १९३२ मध्येच मांडून ठेवले होते. बोलोन्याच्या माळ्यावरच्या मुलांनी ते करून दाखवले. फोन वाजला की तो सरळ प्रसारणात जोडायचा. कोण बोलतोय, काय बोलणार, हे आधी विचारायचे नाही. शिव्या देणारा आला तरी तो ऐकू जाई, केंद्रालाच नावे ठेवणारी गृहिणी आली तरी तीही. कोणी घरमालकाची तक्रार करी, कोणी दूरध्वनीची आणि विजेची वाढीव बिले भरू नका असे सांगे. संपादकाची कात्री हा भाग त्यांनी काढूनच टाकला होता.

ही कृती साधी दिसते, पण तिने सत्ता नावाच्या वस्तूला हात घातला. कोणाला बोलू द्यायचे हे ठरवणे, हेच प्रसारणातले खरे अधिकारपद. ते त्यांनी रिकामे ठेवले. बोलोन्यातच चिन्हमीमांसा शिकवणाऱ्या उम्बेर्तो एको यांनी या पिढीच्या भाषेकडे वृत्तपत्रांतून लक्ष वेधले. फ्रान्समध्ये फेलिक्स गात्तारी यांना अशा मुक्त रेडिओंमध्ये नव्या लोकशाहीची शक्यता दिसली. हे विद्वान नंतर आले. आधी फोन वाजला.

हे सारे नेमके बोलोन्यात घडावे, याला शहराचे राजकारण कारणीभूत आहे. १९४५ पासून तिथे कम्युनिस्टांची नगरपालिका होती, आणि तिचा कारभार युरोपभर नावाजला जाई. बालवाड्या उत्तम, जुन्या शहराचे जतन नमुनेदार; १९७३ मध्ये तर गर्दीच्या वेळी फुकट बससेवेचा प्रयोगही झाला. पण त्याच शहरात १०८८ पासूनचे विद्यापीठ होते, आणि देशभरातून आलेल्या हजारो विद्यार्थ्यांना ना परवडणारी खोली मिळे, ना पुढे नोकरीची खात्री. त्यात १९७६ च्या निवडणुकीत ३४ टक्क्यांवर मते मिळवलेल्या कम्युनिस्ट पक्षाने रोममध्ये आंद्रेओत्तींच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट सरकारला तटस्थ राहून तगवले. विरोध करणारा मोठा पक्षच सरकारला टेकू देऊ लागला, तेव्हा या तरुणांना आपली बाजू मांडणारे कोणी उरले नाही. हा संताप रेडिओ अ‍ॅलिसने पेटवला नव्हता. तो बोलायला जागा शोधत होता, ती या फोनवर सापडली.

११ मार्च १९७७ ची सकाळ. विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात एका कॅथलिक विद्यार्थी संघटनेची सभा होती. तिथे डाव्या विद्यार्थ्यांशी बाचाबाची झाली, पोलीस बोलावले गेले, आजूबाजूच्या रस्त्यांवर धुमश्चक्री सुरू झाली. मास्कारेल्ला रस्त्यावर काराबिनिएरी या पोलीस दलाच्या जवानाची गोळी लागून फ्रांचेस्को लोरुस्सो हा चोवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी ठार झाला. गोळी झाडणाऱ्याची पुढे सुटका झाली. शस्त्र वापरायची मोकळीक पोलिसांना देणारा १९७५ चा कायदा त्याच्या कामी आला.

बातमी रेडिओ अ‍ॅलिसवरून शहरभर गेली. सार्वजनिक फोनवरून लागोपाठ लोक बोलू लागले : इथे अश्रुधूर सोडलाय, तिकडे रस्ता अडवलाय, अमुक चौकात जमा. दुपारी मोर्चा निघाला, काचा फुटल्या, स्थानकाजवळ चकमक झाली. दुसऱ्या दिवशीही शहर शांत झाले नाही.

१२ मार्चच्या रात्री अकराच्या सुमारास काय घडले, त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि रेडिओच्या इतिहासात त्याला तोड नाही. पोलीस दारावर आहेत हे माळ्यावरची मुले श्रोत्यांना सांगत राहतात. घाबरलेली आहेत, पण ध्वनिक्षेपक सोडत नाहीत. वकिलांना फोन लावायचा आटापिटा चाललेला आहे. कोणाकडे अमक्या वकिलाचा नंबर असेल तर कळवा, अशी श्रोत्यांनाच विनवणी होते. मध्येच कोणीतरी बेथोवेन लावायला सांगते. दाराबाहेर बंदुका रोखलेली, छातीला चिलखते बांधलेली माणसे पाहून एकाला हाइनरिश ब्योलच्या ‘कातारिना ब्लूम’वरचा चित्रपट आठवतो, आणि तो तसे बोलूनही दाखवतो. मग आवाज वाढतात, हात वर करायचा हुकूम येतो, आम्ही हात वर केलेत असे उत्तर जाते, आणि लहर मुकी होते. स्वतःवरच्या छाप्याचे धावते वर्णन केंद्राने शेवटच्या क्षणापर्यंत केले. फोन जसा विनाकात्री प्रसारणात जाई, तसाच तो छापाही गेला.

दुसऱ्या दिवशी गृहमंत्री फ्रांचेस्को कोस्सिगा यांनी धाडलेली चिलखती वाहने विद्यापीठ परिसरात उभी राहिली. महापौर होते इतिहासाचे प्राध्यापक आणि कम्युनिस्ट नेते रेनातो झांगेरी. त्यांच्या पक्षाने राज्याची बाजू घेतली.

भारतीय श्रोत्याला इथे १९४२ चा काँग्रेस रेडिओ आठवणे स्वाभाविक आहे. ४२.३४ मीटरवरून मुंबईत गुप्तपणे चालणारे ते लघुलहरींचे केंद्रही प्रसारण चालू असतानाच १२ नोव्हेंबरला पकडले गेले, आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. धैर्य दोन्हीकडे सारखेच. फरक असा, की मुंबईत छापा घालणारे सरकार परके होते. बोलोन्यात ते लोकांनी निवडलेले होते, तिथे संविधान होते, आणि आठच महिन्यांपूर्वी त्या संविधानाच्या आधारे न्यायालयाने स्थानिक केंद्रांना मोकळे केले होते. लहर वापरण्याचा हक्क मिळाला म्हणून त्या लहरीवर बोलणारा सुरक्षित झाला, असे होत नाही. त्याचा इतका थेट दाखला दुसरीकडे सापडणे कठीण.

रेडिओवरून दंगल चालवली, असा ठपका केंद्रावर आला. हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. पोलीस कुठे आहेत हे सांगणारे फोन खरोखर प्रसारित झाले होते, आणि दगड हातात घेतलेल्या माणसाला ती माहिती म्हणजे निव्वळ बातमी नसते. कोणताही आवाज अडवायचा नाही असे ठरवणाऱ्याने, जाळपोळीच्या दिवशी काय करायचे याचाही विचार करून ठेवायला हवा होता. तो या मुलांनी केला नव्हता. परंतु त्यांनी रस्त्यावर जे चालले होते ते ऐकवले, आणि लोरुस्सोला गोळी लागल्याचे शहराला ताबडतोब कळले ते त्यांच्यामुळे. ते कळू देणे आणि दंगल घडवणे यांत अंतर आहे. ते अंतर न मोजता सरकारने बंदुका घेऊन दार गाठले. गुन्ह्याचा तपास करण्यासाठी केंद्र मुके करण्याची गरज नव्हती.

पुढची कथा भराभर घडली. बीफो फ्रान्सला निसटला, जुलैत पॅरिसमध्ये पकडला गेला, सुटला. फ्रेंच विचारवंतांनी इटलीतल्या दडपशाहीविरुद्ध पत्रक काढले. सप्टेंबर १९७७ मध्ये हजारो तरुण त्याच दडपशाहीविरुद्ध बोलोन्यात जमले. अ‍ॅलिसची लहर दुसऱ्यांच्या हाताखाली काही काळ चालली, पण ते पहिले केंद्र राहिले नाही. तोर्रेआल्ता कालांतराने ‘राई’मध्येच वार्ताहर झाला.

मुक्त केंद्रे मात्र वाढतच गेली. त्यांतल्या एकाची हकीकत टाळणे अन्यायाचे होईल. सिसिलीतल्या चिनिसी गावच्या पेप्पिनो इम्पास्तातोने १९७७ मध्ये शेजारच्या गावातून ‘रेडिओ आउट’ सुरू केला. घराणे माफियाशी जोडलेले, आणि हा पोरगा रेडिओवरून गावच्या माफिया सरदाराची, गाएतानो बादालामेंतीची, नाव बदलून टर उडवी. ज्याच्या नावाने लोक आवाज खाली करत त्याच्यावर गाव उघडपणे हसू लागले. ९ मे १९७८ ला पेप्पिनोचा स्फोटाने छिन्नविच्छिन्न झालेला देह रेल्वेमार्गावर मिळाला. बादालामेंतीला जन्मठेप व्हायला २००२ साल उजाडले. स्थानिक रेडिओ म्हणजे काय, याची व्याख्या करायची तर ती इथूनच करावी लागेल : बोलणारा आणि ज्याच्याबद्दल बोलले जाते तो, दोघे एकाच रस्त्यावर राहतात.

दुसरीकडे, संसदेने कायदा न केल्याने १९७६ च्या निकालाने उघडलेली जागा रिकामी होती, आणि तिच्यात पैसा शिरला. ‘स्थानिक’ची अट सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या दूरचित्रवाणी कंपनीने मोठ्या शिताफीने वळवली. देशभरच्या स्थानिक केंद्रांना एकाच कार्यक्रमाच्या फिती पाठवायच्या, त्या सगळीकडे एकाच वेळी लावायच्या. कागदोपत्री सारे स्थानिक, प्रत्यक्षात देशव्यापी जाळे. ऑक्टोबर १९८४ मध्ये काही न्यायाधीशांनी हे प्रसारण थांबवले, तेव्हा पंतप्रधान क्राक्सी यांनी वटहुकूम काढून ते पुन्हा सुरू करून दिले. १९९० च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रातेल्लोच्या मुलांचे केंद्र बंद करायला राज्यसंस्थेला एक रात्र पुरली होती. जाहिरातदारांच्या केंद्रांसाठी तिने चौदा वर्षे वाट पाहिली. मिलानचा ‘रेडिओ पोपोलारे’ श्रोत्यांच्या वर्गणीवर टिकून राहिला, हा या काळातला दिलासा.

आता आपल्याकडे वळू. १९९५ चा खटला हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभा राहिला होता, पण न्यायमूर्ती सावंत यांनी त्यातून नागरिकाच्या माहिती मिळवण्याच्या आणि देण्याच्या हक्कापर्यंत मजल मारली. सोबतच्या निकालपत्रात न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी युरोपीय देशांतले निर्णय तपासले, त्यांत इटलीही आहे. लहरींवर सरकारचे नव्हे, स्वायत्त सार्वजनिक संस्थेचे नियंत्रण असावे, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्यक्षात परवाने आजही केंद्र सरकारच देते. खाजगी एफएमसाठी लहरींचे लिलाव झाले. २००१ मध्ये बंगळूरला पहिले केंद्र सुरू झाले, २००२ मध्ये मुंबईत एकामागोमाग एक. भाषा, गाणी, जाहिराती यांची रेलचेल झाली. बातम्या मात्र निषिद्ध राहिल्या. नंतर मुभा मिळाली ती आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची.

सामुदायिक रेडिओचे दार आधी शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना उघडले. शंभर वॅट शक्ती, गावाच्या पंचक्रोशीपुरती पोच. अगदी बोलोन्याच्या मापाचे केंद्र. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी अशीच दुष्काळी मुलखातल्या बायकांचे, मेंढपाळांचे, गजी नाचणाऱ्यांचे आवाज ऐकवते. पण बातम्यांची बंदी तिलाही लागू आहे. हवामान, बाजारभाव, पाणी कधी येणार हे सांगता येते. पाणी का आले नाही आणि त्याला जबाबदार कोण, हे सांगायला गेले की ती बातमी होते.

या बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सरकारचे म्हणणे असे, की इतक्या केंद्रांवर लक्ष ठेवणे अवघड आहे आणि विघातक शक्ती त्यांचा गैरवापर करतील. इटलीच्या गृहखात्यालाही तीच भीती होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती, हे वर आलेच आहे. मात्र भीतीवरचा उपाय म्हणून सगळ्यांचेच तोंड आधीपासून बांधून ठेवायचे, हे न्यायमूर्ती सावंतांच्या निकालाशी जुळत नाही. पंचायत समितीच्या सभेत काय ठरले हे तालुक्याचा वार्ताहर छापतो, हातात मोबाइल असलेला कोणीही ते यूट्यूबवर सांगतो. परवाना घेऊन, नाव-पत्ता देऊन, रोज कार्यक्रमांच्या नोंदी ठेवणारे गावचे केंद्र तेवढे सांगू शकत नाही. ही बंदी उठावी, निदान सामुदायिक केंद्रांपुरती तरी लगेच उठावी, ही मागणी महाराष्ट्रातल्या केंद्रांनी एकत्र येऊन दिल्लीकडे लावून धरली पाहिजे, आणि इथे जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या खासदाराला त्याबद्दल लिहिले पाहिजे.